कुस्तीच्या मुलांना स्पर्धेसाठी तयार करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील बहुतेक मुले तालमीतल्या लाल मातीत घडतात. गावोगावच्या यात्रांची मैदाने, बेळगावचा आनंदवाडी आखाडा आणि पलीकडे कोल्हापूर येथे ती मातीवर लढतात, तर कर्नाटकातील शालेय व राज्य स्पर्धांसाठी त्यांना मॅटवर उतरावे लागते. या दुहेरी तयारीत होणाऱ्या काही चुका मुलांच्या जिवावर बेतू शकतात.

सर्वांत घातक चूक वजनाची आहे. खालच्या वजनगटात बसवण्यासाठी ऐनवेळी मुलाचे जेवण-पाणी तोडणे आणि अंगावर स्वेटर चढवून भर उन्हात पळवणे हे प्रकार सर्रास चालतात. असे उतरवलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते. त्यामुळे हृदयावर ताण पडतो आणि शरीराला स्वतःची उष्णता बाहेर टाकता येत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच पद्धतीने वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथे घाम काढण्यासाठी घालायच्या रबरी पोशाखावर बंदी आली आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट करू नये, असा दंडक लागू झाला. त्या हिशोबाने ४० किलोच्या मुलाला आठवड्याला ६०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोंसाठी पाच आठवडे लागतील. खरे तर वाढीच्या वयातील मुलाला खालच्या गटात ढकलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी अवघ्या १०० ग्रॅमने बाद ठरली. तिच्या दिमतीला तज्ज्ञांचे पथक होते, आपल्या मुलांजवळ तेही नसते.

दुसरी चूक म्हणजे मातीतल्या मुलाला थेट मॅटवर उतरवणे. मातीत पाय सरकतो, त्यामुळे अंगाला पीळ बसला तरी गुडघा सहसा वाचतो. मॅटवर मात्र बुटाचा रबरी तळ घट्ट धरून राहतो, अंग फिरते आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून स्पर्धेपूर्वी काही आठवडे त्याच बुटांनी मॅटवर सराव हवा. कोरे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

सरावात जोड लावताना वजनाबरोबर वय आणि अनुभवही पाहावा. नवख्या मुलाला मुरलेल्या पैलवानासमोर सोडायचे असेल, तर वस्तादांनी डाव आधी ठरवून द्यावा आणि स्वतः हौद्याशेजारी, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याशेजारी, उभे राहावे.

खानापूरकडच्या पावसाळ्यात लंगोट आणि टॉवेल दिवसेंदिवस वाळत नाहीत, आणि एकाचा नायटा पाहता पाहता सगळ्या तालमीत पसरतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा, मॅट रोज जंतुनाशकाने पुसावी, नखे कापलेली असावीत. चट्टा लपवून वजनाला गेलेल्या मुलाला तपासणीत डॉक्टर बाद करू शकतात.

डोक्याला मार बसल्यावर पाणी मारून मुलाला पुन्हा उभे करण्याची सवय तर तातडीने सोडली पाहिजे. डोके दुखणे, मळमळ, अंधारी, किंवा साध्या प्रश्नाला गोंधळलेले उत्तर, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्या दिवशी त्याची कुस्ती संपली. पुढचा सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावा. मानेवर पडलेला मुलगा हातपाय बधिर झाल्याचे सांगत असेल, तर त्याला उचलू किंवा बसवू नये. डोके व मान आहे त्याच स्थितीत हातांनी स्थिर धरावी आणि दुसऱ्याने लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.