पहिला ससा आखूड केसांचाच घ्यावा
घरात पहिल्यांदाच ससा आणणाऱ्यांनी रूपाआधी केसांची लांबी पाहावी. अंगोरा ससा कापसाच्या गोळ्यासारखा मोहक दिसतो खरा, पण त्याची लोकर नियमित विंचरली नाही तर तिच्या गाठी होतात, आणि सशाला मांजरासारखे ओकता येत नसल्यामुळे अंग चाटताना पोटात गेलेले केस आत अडकण्याचा धोका राहतो. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढी लोकर त्याला सोसवत नाही. त्यापेक्षा डच जातीचा ससा बरा. तोंडावर पांढरा पट्टा असलेला, साधारण २ ते २.५ किलो वजनाचा हा ससा बहुधा शांत असतो, आणि एरवी आठवड्यातून एकदा, केस गळण्याच्या दिवसांत थोडे अधिक वेळा विंचरले की त्याचे भागते. नेदरलँड ड्वार्फ जेमतेम किलोभराचा आणि खेळण्यासारखा गोंडस असला, तरी आखूड जबड्यामुळे त्याच्या दातांच्या तक्रारी अधिक उद्भवतात. म्हणून कोणताही ससा निवडताना विक्रेत्याला त्याचे ओठ हळूच बाजूला करायला सांगून, वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येतात का, हे पाहावे. ते टोकाला टोक भिडत असतील, तर नीट झिजत नाहीत आणि पशुवैद्याकडे वारंवार खेपा घालाव्या लागतात.