ऑनलाइन लोकसहभाग: युरोपात झालेल्या या चुका टाळा

लोकांची मतं आणि सूचना मागवणारं पोर्टल बंद पडलं तर ते काही तासांत पुन्हा सुरू करता येतं. पण पोर्टल सुरळीत चाललं, लाखोंनी मतं दिली आणि त्या मतांचं पुढे काय करायचं हेच ठरलेलं नसेल, तर ती चूक नंतर निस्तरता येत नाही.

प्रतिसादांनाच जनमत समजणं

२०१८ मध्ये युरोपीय आयोगाने उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे करण्याच्या पद्धतीवर ऑनलाइन मतं मागवली. ४ जुलै ते १६ ऑगस्टदरम्यान ४६ लाख प्रतिसाद आले आणि ८४ टक्के लोक ‘पद्धत बंद करा’ म्हणाले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातले सुमारे ७० टक्के प्रतिसाद एकट्या जर्मनीचे होते. युरोपीय संघाच्या लोकसंख्येत जर्मनीचा वाटा तेव्हा साधारण १६ टक्के होता. आयोगाने प्रस्ताव आणला, संसदेने मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली आणि सदस्य देशांच्या परिषदेत घोडं अडलं ते अडलंच. घड्याळं अजूनही फिरतात.

नोंदणी करतानाच विभाग आणि वयोगट विचारा (उत्तर ऐच्छिक ठेवा) आणि दर आठवड्याला तो तक्ता जनगणनेशी ताडून पाहा. एखाद्या गटाचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याच्या निम्म्याहून कमी दिसला, तर मुदत संपायच्या आत तिथे माणसं पाठवा. नंतर आकडेमोड करून ही उणीव भरून निघत नाही. निकालाच्या मथळ्यात ‘युरोपला हवंय’ असं लिहू नका, ‘प्रतिसाद देणाऱ्यांपैकी ८४ टक्के’ असं लिहा.

पाठिंब्याची अट लोकसंख्येवरून ठरवणं

माद्रिद महापालिकेने २०१५ मध्ये नागरिकांच्या सूचनांसाठी ‘देसिदे माद्रिद’ हे पोर्टल सुरू केलं. सूचना शहरभरच्या मतदानाला जायची तर १६ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी १ टक्का, म्हणजे सुमारे २७ हजार जणांचा पाठिंबा बारा महिन्यांत हवा. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पहिल्या चार वर्षांत वीस हजारांहून अधिक सूचना आल्या, पण अट पार केली ती फक्त दोन सूचनांनी. त्यातली एक सार्वजनिक वाहतुकीच्या एकाच तिकिटाची होती.

हिशेब पोर्टलवरच्या खात्यांवरून करायचा असतो. पोर्टलवर प्रत्यक्ष फिरकणारे दोन लाख धरले, तर २७ हजार म्हणजे दर सात-आठ जणांतल्या एकाने नेमक्या त्याच सूचनेवर बोट ठेवायला हवं. त्यात एकच मागणी दहा शब्दरचनांत येते आणि पाठिंबा दहा ठिकाणी विखुरतो. म्हणून मथळा टाइप करतानाच मिळत्याजुळत्या सूचना दिसू द्या आणि जुळ्या सूचना मांडणाऱ्यांना विचारून दर आठवड्याला एकत्र करा.

सगळ्या दारांना एकच कुलूप

नुसती कल्पना सुचवणाऱ्याची ओळख पटवायला ईमेल पुरतो. शहराचा निधी कुठे खर्चायचा यावरच्या मतदानाला रहिवासाची खात्री हवी, आणि कायदेशीर सहीला सरकारी किंवा बँकेची डिजिटल ओळख. फिनलंडमध्ये सहा महिन्यांत ५० हजार सह्या जमल्या की नागरिकांचा प्रस्ताव संसदेत जातो. तिथे लोक बँकेच्या लॉगिनने सही करतात, कारण ते रोज वापरायची सवय आहे. ही सवय नसलेल्या देशात तेच कुलूप लावलं की लोक पहिल्याच पानावरून परततात.

कोणाला अधिकार आहे हेही पहिल्याच पानावर लिहा. पॅरिसच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात (म्हणजे निधीचा काही भाग कशावर खर्चायचा हे रहिवाशांनीच मतदानाने ठरवणं) सात वर्षांवरचा कोणताही रहिवासी मत देऊ शकतो, नागरिकत्वाची अट नाही. म्हणजे तिथे राहणारं मराठी कुटुंबही मुलांसकट मत देईल. युरोपीय नागरिक पुढाकारावर, म्हणजे युरोपीय आयोगाकडे नव्या कायद्याची मागणी करणाऱ्या सह्यांच्या अर्जावर, मात्र भारतीय पासपोर्टवर सही चालत नाही. त्या पुढाकाराला वर्षभरात दहा लाख सह्या लागतात, शिवाय किमान सात देशांत त्या-त्या देशाचा ठरलेला आकडा गाठावा लागतो. पडताळणीत काही सह्या बाद होतातच, तेव्हा नेमक्या दहा लाखांवर थांबू नका.

वाद घालायला जागा देणं

आइसलंडची राजधानी रेक्याविकच्या ‘बेटर रेक्याविक’ या पोर्टलवर दुसऱ्याच्या मुद्द्याला थेट उत्तर देता येत नाही. बाजूचे मुद्दे एका रकान्यात, विरोधातले दुसऱ्यात, आणि तुम्ही फक्त नवा मुद्दा मांडायचा. बरीचशी हमरीतुमरी इथेच थांबते.

फक्त पडद्यावर विसंबणं

युरोस्टॅटच्या २०२३ च्या आकड्यांनुसार युरोपीय संघातल्या १६ ते ७४ वयोगटातल्या जेमतेम ५६ टक्के लोकांकडे किमान डिजिटल कौशल्यं आहेत. बार्सिलोनाने २०१६ मध्ये आपल्या ‘देसिदिम’ या पोर्टलवर शहराच्या आराखड्यासाठी १० हजारांहून अधिक सूचना गोळा केल्या, त्यांच्याबरोबर शेकडो प्रत्यक्ष बैठकाही घेतल्या. बैठकीत आलेली सूचनाही त्याच पोर्टलवर चढवली, त्यामुळे तिचंही पुढे काय झालं ते दिसत राहिलं.

उत्तराला माणसं न नेमणं

प्रत्येक सूचनेवर तीन गोष्टी हव्यात: स्वीकारली की नाकारली, कारण काय, आणि पुढची तारीख. एका सूचनेला वीस मिनिटं धरली तरी हजार सूचनांना ३३३ तास लागतात, म्हणजे दोन कर्मचाऱ्यांचा पूर्ण महिना. ही दोन माणसं आधीच मोकळी केलेली नसतील, तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकला.