गुंफा सकाळी, वाळूच्या टेकड्या संध्याकाळी: गोव्यात एका दिवसाच्या फेरीत या चुका टाळा

गोव्यात वाळवंट नाही, पण जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या एका दिवसात पाहता येतात. या फेरीत बहुतेकांचं जे बिघडतं, ते अंतरामुळे नव्हे. वेळ चुकते आणि पाय नको तिथे पडतो. जांभा आणि वाळू, दोन्ही नाजूक आहेत.

चुकीची जोडी

उत्तरेतली गुंफा आणि दक्षिणेतला किनारा असा बेत आखला की निम्मा दिवस गाडीत जातो. साखळीजवळची हरवळ्याची गुंफा पाहणार असाल तर संध्याकाळ मोरजी, आश्वे किंवा मांद्र्याला काढा. रस्ता डिचोली, म्हापसा, शिवोली आणि मग चोपड्याचा पूल असा. रिवणच्या गुंफा पाहणार असाल तर केपे, बाळ्ळी आणि करमल घाटाने काणकोणात उतरून आगोंद किंवा गालजीबाग गाठा. फोंड्याहून जवळ असलेल्या खांडेपारच्या गुंफा यांपैकी कुठल्याही बेतात सकाळी बसतात, पण मग दुसरी गुंफा सोडून द्या.

वेळ उलटी लावणं

सकाळी समुद्रावर आणि दुपारी गुंफेत, म्हणजे सावलीत, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात समुद्रावर रमल्यावर तिथून वेळेत कोणी निघत नाही आणि गुंफा राहून जाते. साडेआठला गुंफेपाशी पोचा. हरवळ्याला पाऊण तास पुरतो. साडेतीनला म्हापसा सोडा, साडेचारपर्यंत वाळूवर याल. मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरडी वाळू 50 अंशांच्या वर तापते. लहान मुलांचे तळवे तिथे मिनिटभरात भाजतात. माणशी तीन लिटर पाणी गाडीत ठेवा. जास्त घाम आला तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएसची एक मोठी पुडी लिटरभर पाण्यात मिसळून घोट घोट घ्या.

भरती न पाहता जाणं

पंचांग घरात असेल तर जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सव्वाअकराला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटी आणि चालायला रुंद किनारा. हा अंदाज तासाभराने इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक पाहा. सप्तमी ते नवमीच्या संध्याकाळी पाणी वर चढत असतं, चालायची पट्टी अरुंद होते आणि लोक टेकडीवरून चालू लागतात. पुढची चूक इथूनच सुरू होते.

टेकडीवर चढणं आणि घसरणं

राजस्थानची चित्रं डोळ्यांत घेऊन आलेल्यांना इथली टेकडी लहान वाटते. बहुतेक ठिकाणी ती काही मीटरच उंच असते, आणि तिला उभं ठेवते ती वनस्पती. मर्यादवेलीचं खोड वाळूवर सरपटतं आणि पेरापेराला मूळ धरतं. वारा वाळू आणून टाकतो, वेल तिच्यातून वर येते, पुन्हा वाळू साठते. टोकदार काट्यांचं गवत, ज्याला रावणाच्या मिशा म्हणतात, तेही हेच करतं. पायाखाली ही खोडं तुटली की तेवढा पट्टा उघडा पडतो. मग वारा तिथूनच वाळू उपसत नेतो आणि पुढच्या पावसाळ्यातल्या लाटांना वाट मोकळी होते. मागच्या वाड्यांतल्या गोड्या विहिरींनाही या वाळूचा आधार आहे, कारण पावसाचं पाणी तिच्यात मुरून साठतं. मुलांना घसरगुंडी खेळायची असेल तर भरतीरेषेच्या वरची उघडी सपाट वाळू द्या, वेल असलेला उतार नको. किनाऱ्यावर उतरायला गावातली पडलेली पायवाटच घ्या, आडवी नवी वाट पाडू नका.

मोरजीचा तेंबवाडा, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. कुंपण किंवा फलक दिसला की लांबूनच वळा. अंधार पडल्यावर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्र सोडून रस्त्याकडे वळतात.

गाडी वाळूत रुतली तर

किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे, तो विचारच नको. पण गल्लीच्या शेवटी, माडांखाली गाडी लावतानाही चाक रुततं. तेव्हा पहिली चूक म्हणजे जोरात ॲक्सिलेटर दाबणं: चाक जागीच फिरतं, खड्डा खोल होतो आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. लगेच थांबा. बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, म्हणून त्यांच्यापुढची आणि मागची वाळू हाताने काढा. हवा 32 वरून 20 पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून जास्त वाळूवर टेकेल. चाकाला लागून सुकी चुडतं (माडाच्या झावळ्या) किंवा पायपोस सरकवा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि शक्यतो आलात त्याच चाकोरीने रिव्हर्समध्ये हळू बाहेर या. तेव्हा गाडीच्या मागे कोणी उभं नको. कमी हवेत वेगाने जाऊ नका. जवळच्या पंपावर हवा भरा.

गुंफेत शिरताना

इथे अजिंठ्यासारखं शिल्प शोधू नका. जांभा सच्छिद्र असतो, त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून साधे खांब, कोनाडे आणि छत नीट पाहा. खांडेपारच्या एका गुंफेत छतावर कमळ कोरलेलं आहे. मान वर न केल्यामुळे ते अनेकांच्या नजरेतून सुटतं. हरवळ्याच्या गुंफेतल्या लिंगांना स्थानिक लोक श्रद्धेने भजतात, तेव्हा चपला बाहेर काढा. खडू, कोळसा, किल्ली यांनी भिंतीवर काही लिहू नका, भिंतीला हातही घासू नका. ओला जांभा सहज झडतो.

रिवणला अरुंद भाग वाकून, कधी बसून ओलांडावा लागतो. मोबाईलचा उजेड तिथे पुरत नाही आणि एक हात अडकतो. डोक्याला बांधायची टॉर्च घ्या. आत जाण्यापूर्वी जमिनीवर आणि कोनाड्यांत उजेड फिरवा, न पाहता हात घालू नका. साप थंडाव्याला येतात. वटवाघळं छतावर असतील तर बोलणं बंद ठेवा, वाळलेली विष्ठा पायाने उडवू नका, कारण त्या धुळीतून फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो. दम्याच्या रुग्णांनी अशा जागी शिरूच नये. जून ते सप्टेंबर पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा खोबणी असलेले बूटच हवेत. हरवळ्याच्या धबधब्याखाली मात्र पावसाळ्यात उतरू नका.

साप चावला तर दोरी बांधू नका, जखम कापू किंवा चोखू नका. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लगेच 108 ला फोन करा.