जुन्या गाडीचा गिअरबॉक्स : उतरवण्याआधी या चुका टाळा

गिअर टाकताना खर्र झालं की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "बॉक्स उतरवावा लागेल." जुनी एट हंड्रेड, झेन, सँट्रो, पहिली वॅगन-आर, कुठलीही घ्या. पुष्कळदा दोष बॉक्सच्या बाहेर निघतो. क्लचची केबल, लिंकेजचे (गिअरच्या दांडीपासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश, इंजिन धरून ठेवणारं पण फाटलेलं माउंटिंग किंवा चुकीचं ऑईल, यांपैकी काहीतरी असतं. बॉक्स उतरवून चढवण्याची मजुरीच बिलातला मोठा आकडा असते, म्हणून पाना लावण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या.

खर्र झालं की गिअरला दोष देणं

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्री करायची तर गाडी न्यूट्रलवर चालू ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे घाईत टाकला तर धडधाकट गाडीतही आवाज येतो. थांबूनही खर्र होत असेल तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीये.

केबलवाल्या क्लचमध्ये पेडल हाताने हलकं दाबून पाहा. साधारण १५ ते २५ मिमी मोकळा खेळ हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. खेळ जास्त असेल तर क्लच अर्धवट सुटतो. अजिबातच नसेल तर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) विनाकारण फिरत राहून खराब होतं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत केबलच्या तारा टोकाशी गंजून एकेक करून तुटतात. दर दोन-तीन आठवड्यांनी नट आवळावा लागत असेल तर आवळत बसू नका, केबल बदला. तुटायची ती नेमकी सायनच्या सिग्नलला तुटते.

चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतानाच खर्र होतं आणि बाकी गिअर ठीक आहेत? तेव्हा मात्र त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर संशय घ्या.

आवाज न ऐकताच निदान करणं

न्यूट्रलवर घरघर येते आणि क्लच दाबल्यावर बंद होते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगची असू शकते, पण आधी चाकांची बेअरिंग तपासा. ती स्वस्त आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टक-टक होत असेल तर गिअरबॉक्सचा संबंध नाही, अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय.

अॅक्सिलरेटर सोडला की गिअर उडतो, तेव्हा आधी बॉनेट उघडा. हँडब्रेक ओढून कुणाला तरी पहिल्या गिअरमध्ये हलका हाफ क्लच द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा (समोर नाही!). इंजिन एका अंगाला उचललं जात असेल तर माउंटिंग फाटलंय. नवं माउंटिंग आणि लिंकेजचे बुश टाकूनही गिअर उडत असेल तर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) किंवा गिअरचे दात झिजलेत, मग बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

'नव्वद नंबर' मागून मिळेल ते भरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. 'नव्वद नंबर' हा गिअर ऑईलचा फक्त जाडपणा; जीएल-४, जीएल-५ हे त्याचे दर्जे. काउंटरवर 'नव्वद नंबर' मागितलं की हातात जीएल-४ येईल की जीएल-५, याचा भरवसा नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जवळपास दुप्पट असतात. ती पितळेच्या सिंक्रो रिंगला काळवंडवून खाऊ शकतात. शिवाय ते ऑईल इतकं घसरडं असतं की रिंगला कोनावर पकड मिळत नाही आणि चांगला गिअरही अडायला लागतो. मारुतीच्या जुन्या लहान गाड्यांना ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, पण जीएल-४ हवं. ओम्नी, पद्मिनी यांचं मागच्या चाकांमधलं डिफरन्शियलचं हाउसिंग वेगळं; त्यातल्या हायपॉइड (दात एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या) गिअरना जीएल-५ लागतं. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा. होंडाच्या जुन्या सिटीत नव्वद नंबर भरूच नका, तिला पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं.

बदलताना गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून ऑईल कोमट करा. एकाच बाजूला जॅक लावला तर जुनं ऑईल आत राहतं आणि नव्याची पातळीही चुकते. गाडी खड्ड्यावर किंवा चार स्टँडवर सपाट हवी. आधी भरायचा नट उघडा, मग खालचा. वरचा जाम निघाला आणि खालून सगळं वाहून गेलं, तर गाडी जागेवरच अडकली म्हणून समजा. वीसेक मिनिटं निथळू द्या. चुंबकवाल्या नटवर राखाडी लगदा असेल तर घाबरू नका. पापुद्रे किंवा दाताचे तुकडे असतील तर काळजीचं कारण आहे. वॉशर नवा टाका आणि नट आधी हाताने फिरवून बसवा, कारण बॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची असते आणि आटे लगेच जातात. बहुतेक लहान गाड्यांत दोन ते अडीच लिटर बसतं. वरच्या भोकाच्या काठाशी ओघळ आला की थांबा.

पाण्यातून काढलेली गाडी तशीच चालवणं

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी शिरते तेव्हा बॉक्स गरम असतो. एकदम थंड झाल्यावर आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) किंवा अॅक्सलच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. पाणी चाकाच्या मधल्या भागापर्यंत आलं असेल तर त्याच आठवड्यात ऑईल काढून बघा. दुधाळ चहासारखं निघालं तर नवं भरा, थोडे दिवस चालवा आणि पुन्हा एकदा बदला. एका बदलात सगळं पाणी जात नाही. ब्रीदरची टोपी चिखलाने बुजलेली असेल तर साफ करा, नाहीतर आतला दाब सील फोडून ऑईल बाहेर काढतो.

बॉक्स उतरलाच तर

फक्त क्लच प्लेट बदलून पैसे वाचत नाहीत. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र टाका, आणि क्रँकचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील व दोन्ही अॅक्सलची सीलही. सीलची किंमत किरकोळ, मजुरी मात्र दुसऱ्यांदा पूर्ण लागेल. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फिलर गेजने मोजा. नव्या रिंगला ती साधारण १ मिमी किंवा थोडी जास्त असते. अर्ध्या मिमीवर आली की रिंग संपली.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून अख्खा बॉक्स आणणार असाल तर तिथेच इनपुट शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर टाकून पाहा. बोल्टच्या कानांना तडे आहेत का ते उजेडात बघा आणि निचऱ्याचा नट उघडून थोडं ऑईल बोटावर घ्या. जाड, चिकट ऑईल निघालं तर आवाज लपवायला कुणीतरी ते भरलंय. तो बॉक्स तिथेच ठेवा. कार्ब्युरेटरची एट हंड्रेड आणि एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल देणारी) एट हंड्रेड यांचे बॉक्स बाहेरून सारखे दिसले, तरी आपला जुना बॉक्स बरोबर नेऊन शाफ्टचे स्प्लाइन (लांबीला कोरलेल्या खाचा), माउंटिंगची भोकं आणि स्पीडोमीटरच्या गिअरचे दात जुळवूनच पैसे द्या.