इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टर: परवानगीपासून नोंदीपर्यंत

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतात उतरू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये तर पुरातन वस्तूंसाठी खणायलाच परवाना लागतो. आणि सुट्टीत गावी गेल्यावर हेच मशीन घेऊन गडावर जायचा विचार असेल तर तो सोडा. संरक्षित जागी विनापरवाना खणणं हा भारतात गुन्हा आहे. शिवाय १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पहिलं काम परवानगीचं. ती शेतमालकाकडून लेखी घ्या, आणि जमीन दुसरं कोणी कसत असेल तर त्याचीही घ्या. सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी करायची हेही त्याच कागदावर लिहा. २००९ साली सापडलेल्या स्टॅफर्डशायरच्या सोन्या-चांदीच्या साठ्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. असे आकडे समोर आल्यावर तोंडी बोलण्याला किंमत राहत नाही. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सदस्यत्व घेतलंत की विमाही मिळतो; बरेच शेतकरी तो आधी विचारतात. शेताचा काही भाग संरक्षित स्मारकात येतो का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर पाहून घ्या. तिथे लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे, मग मालकाची कितीही हरकत नसो.

शेत निवडताना आधी घरी बसून काम करा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे लायडार नकाशे (विमानातून लेझरने जमिनीचे चढ-उतार मोजून केलेले) फुकट पाहता येतात. त्यात बुजलेले रस्ते आणि बांध उठून दिसतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे, नकाशे आहेत. त्यांत आज नसलेल्या पायवाटा, तळी, विहिरी शोधा. शेतात उतरल्यावर खापरं, लाल कौलांचे तुकडे, शिंपल्यांची टरफलं एका भागात दाट दिसली तर सुरुवात तिथून करा.

ऑगस्टमध्ये कापणी झाली की हंगाम सुरू होतो. धसकटं उंच असतील तर कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाची धातू हेरणारी चकती, जमिनीपासून दूर राहते. नुकतीच खोल नांगरट झाली असेल तर आणखी वाईट, कारण ढेकळांमधल्या पोकळ्यांमुळे मशीनला जेवढ्या खोलवरचं कळतं ती खोली वाया जाते. सगळ्यात चांगली जमीन म्हणजे पेरणीआधी रोलर फिरवून सपाट केलेली आणि वर एखादा पाऊस झालेली. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट पसरलेलं शेत मात्र सोडून द्या. त्यात ॲल्युमिनियमचे इतके बारीक तुकडे असतात की दिवस फुकट जातो.

आता मशीन. ११ इंची कॉइल बहुतेक शेतांना पुरते. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीलगत आणि गुडघ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत खालीवर करत ग्राउंड बॅलन्स साधा, म्हणजे मशीनला त्या मातीची सवय लावा. मातीचा आवाज बंद झाला की जमलं. सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक इशारा पकडतं ते) आधी चढी ठेवा आणि मशीन विनाकारण किलबिलायला लागलं की उतरवा. ठरावीक अंतराने टकटक ऐकू आली तर जवळ विजेचं कुंपण आहे, तिथून लांब जा.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करण्यात. कचरा टाळायचा म्हणून फॉइल आणि पेयांच्या कॅनच्या कड्या यांसाठी मशीन पडद्यावर दाखवतं ते आकडे बंद करतात. पण हातोड्याने ठोकून पाडलेली पातळ चांदीची नाणी, तेराव्या शतकापर्यंत सुटे पैसे म्हणून कापत ते पेनीचे अर्धे-पाव तुकडे आणि सोन्याच्या लहान वस्तू नेमक्या त्याच पट्ट्यात बोलतात. म्हणून फक्त लोखंडाला खालचा सूर द्या आणि बाकी सगळं ऐका. कडी खणावी लागेल, त्याला इलाज नाही.

कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर आणि सपाट धरा. हात टोकाला गेला की कॉइल वर उचलली जाते. बहुतेकांची खोली तिथेच जाते. डावीकडून उजवीकडे दीड-दोन सेकंदांची एक फेरी पुरे, आणि पुढची फेरी आधीच्या पट्ट्यावर निम्मी चढली पाहिजे. आवाज आला की ९० अंशांत वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून सारखाच गोल सूर आला तर खणा. एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने तुटका आला तर बहुधा गंजका खिळा किंवा नाल आहे. जळक्या कोळशाचे खडेही फसवतात.

लांब, अरुंद पात्याचा स्पेड आवाजाच्या मध्यापासून १०–१५ सेंटिमीटर दूर घाला. मध्यावर घातलात तर नाणं तुटतं. ढेकूळ अखंड बाहेर काढून पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) तपासा, आणि खड्डा लगेच बुजवा. कुरणात तीन बाजू कापून गवताची झडप उलटा, म्हणजे ती परत बसते.

नांगराचा थर साधारण २०–२५ सेंटिमीटरचा असतो. त्यातली वस्तू नांगराने आधीच हलवलेली असते, म्हणून ती काढायला हरकत नाही. त्याखाली मातीचा रंग बदलतो, ती घट्ट लागते. आवाज अजून खालून येत असेल, किंवा एकाच खड्ड्यात दोन-चार वस्तू लागल्या, तर थांबा, खड्डा झाका, आणि फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याला, फोन करा. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन सोनं-चांदी लागली. ते खणत राहिले नाहीत, त्यांनी कळवलं. म्हणून साठा पेटीत कसा रचला होता हेही पुरातत्त्वज्ञांना वाचता आलं. (हातोडाही सापडला; तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना बोलवा.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर ग्रिड संदर्भ (नकाशावर जागा दाखवणारा आकडा) लिहा. आठ अंकी संदर्भ १० मीटरचा चौकोन दाखवतो, दहा अंकी १ मीटरचा. जागा जागेवरच लिहा, संध्याकाळी आठवून नको.

वस्तू शेतात बोटाने चोळू नका. वाळूच्या कणाने चांदीवर कायमचे ओरखडे येतात. तांब्या-ब्राँझच्या वस्तू सावलीत सुकू द्या, मग मऊ ब्रशने सुटी माती काढा. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नको. देव्हाऱ्यातली भांडी त्याने लखलखतात, पण नाण्याच्या हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात.

कायद्याने ‘ट्रेझर’ म्हणजे मुख्यतः ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू. नाणी असतील तर एकाच ठिकाणची दोन किंवा जास्त, आणि त्यांत सोनं-चांदी १० टक्क्यांहून कमी असेल तर किमान दहा. सुटं एक नाणं सहसा यात येत नाही. जुलै २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात आल्या. ट्रेझर सापडलं तर १४ दिवसांत कोरोनरला (ते ट्रेझर आहे का हे ठरवणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला) कळवावं लागतं, नाहीतर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. बाकी बकलं, शिशाच्या गोळ्या, मापं यांची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तूंच्या नोंदणी योजनेत ऐच्छिक आहे, तरी करा.

आणि ब्रिटनच्या मातीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला, ती कितीही किरकोळ असो, निर्यात परवाना लागतो. तेव्हा घरच्यांना दाखवायला म्हणून रोमन नाणं पुण्याच्या बॅगेत टाकू नका, फोटो पाठवा.