ॲगरच्या जेलमध्ये सायक्लिक व्होल्टॅमेट्री कशी करावी

सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत इलेक्ट्रोडचा व्होल्टेज ठरावीक वेगाने पुढे-मागे फिरवून (म्हणजे स्कॅन करून) विद्युतप्रवाह नोंदवतात. ती द्रावणाऐवजी जेलमध्येही करता येते. दोन टक्के ॲगरचे (समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या पदार्थाचे) जेल हाताला घट्ट लागते, तरी त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते. त्यामुळे लहान आयन त्यातून जवळजवळ साध्या द्रावणाइतक्याच सहजतेने फिरतात आणि द्रवातील हेलकावे मात्र थांबतात. नाशिकमधील महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे माध्यम सहज तयार करता येते. किराणा दुकानातील चायना ग्रासपेक्षा (म्हणजे साध्या ॲगरपेक्षा) त्यातून वेगळा केलेला शुद्ध घटक, ॲगरोज, घ्यावा, कारण साध्या ॲगरमधील सल्फेट गट आयनांना धरून ठेवू शकतात.

४५ मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून त्यात १ ग्रॅम ॲगरोज भुरभुरावे आणि मिश्रण पारदर्शक होईपर्यंत उकळावे. बीकरचे वजन आधी व नंतर करून वाफेने गेलेले पाणी भरून काढावे, नाहीतर संहती कळत-नकळत वाढते. मिश्रण ६० अंशांवर आल्यावर ५ मिलि पाण्यात विरघळवलेले ०.०८२ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळावे; म्हणजे त्याची संहती सुमारे ५ मिलिमोलर राहते. आम्ल मात्र मुळीच घालू नये.

ग्लासी कार्बन (ज्यावर अभिक्रिया मोजायची), प्लॅटिनमची तार (प्रवाहाचे मंडल पूर्ण करणारी) आणि सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचे) हे तिन्ही इलेक्ट्रोड मिश्रण पातळ असतानाच बसवावेत. ग्लासी कार्बनच्या चकतीखाली अडकलेला बुडबुडा कोनातून पाहिल्यास चांदीसारखा चमकतो. तो हलक्या टिचकीने घालवावा. जेल गोठल्यावर इलेक्ट्रोड हलवू नये, कारण तिथे पोकळी पडून विद्युतप्रवाह अनियमित होतो. थंडीत, पारा दहाच्या खाली उतरतो त्या सकाळी, मिश्रण फार लवकर गोठते, तेव्हा बीकर कोमट पाण्यात ठेवावे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात वरचा थर सुकतो, म्हणून झाकण घालावे.

आता +०.६ ते −०.१ व्होल्टच्या दरम्यान सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने स्कॅन करावा. प्रवाह-व्होल्टेज आलेखावर जाताना व येताना एकेक शिखर दिसते; या दोन शिखरांतील अंतर २५ अंशांना आदर्शतः सुमारे ५९ मिलिव्होल्ट येते. प्रत्यक्षात थोडे अधिक आल्यास घाबरू नये. खरी काळजी पुढच्या स्कॅनची घ्यावी: द्रावण ढवळून इलेक्ट्रोडजवळचा थर ताजा करता येतो, जेलमध्ये ढवळणे शक्यच नसते, म्हणून तो थर केवळ विसरणाने (आयनांच्या आपोआप पसरण्याने) भरून येईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. घाई केली की शिखरे खुजी होत जातात आणि दोष जेलवर येतो. २०, ५०, १०० व २०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद या वेगांवर नोंदी घेऊन शिखरप्रवाह वेगाच्या वर्गमुळासमोर मांडावा. रेषा सरळ आली, तर प्रवाह विसरणानेच ठरत आहे, आणि त्याच घटकांच्या जेलविरहित द्रावणाशी तिच्या उताराची तुलना करता येते.