लेकरासाठी फाटक बसवताय? कडीच्या या चुका टाळा

लेकरू चालायला लागलं की घरोघरी फाटकाची आठवण होते. सपरीला, जिन्याला, सैपाकघराच्या दाराला. हिंगणघाट तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. अशी फाटकं मी बरीच केली, पण सगळ्यात मोठी चूक माझ्याच घरी केली.

चुलीच्या खोलीला अडीच फुटांचं फाटक लावलं आणि त्याला ताठ स्प्रिंगची कडी दिली. पोरीच्या बोटांनी ती हलणार नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. चौथ्या दिवशी दुपारी घरी आलो तर फाटक सताड उघडं, लुगड्याच्या चिंधीनं खांबाला बांधलेलं, आणि पोरगी चुलीतल्या राखेत काटकी खुपसून बसलेली. राख अजून गरम होती. आईला विचारलं तर म्हणाली, "मले तं उघडतच नाई, बापू. एका हातात गुंड (पाण्याचं भांडं) असते, तुई कडी कोन्त्या हातानं दाबू?"

तिचं बरोबर होतं. मोठ्या माणसाला छळणारी कडी चार दिवसांत बांधून ठेवली जाते. म्हणून कडी ठरवताना घरातल्या सगळ्यात अशक्त मोठ्या माणसाचा हात आधी पाहा.

ताठपणावर भिस्त ठेवू नका. तीन वर्षांचं लेकरू कडीला लटकून, फाटकाला पाय लावून जोर काढतं. संधिवाताच्या हाताला तेवढा जोर निघत नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागतील अशी कडी करा. दांडा उचलायचा आणि उचलून धरूनच सरकवायचा. काही औषधांच्या डबीचं झाकण दाबून फिरवावं लागतं, तसंच हे. अमेरिकेत अशा झाकणांसाठी १९७० साली कायदा झाला. तिथल्या चाचणीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या किमान ८० टक्के मुलांना झाकण उघडता कामा नये, आणि ५० ते ७० वयाच्या किमान ९० टक्के माणसांना ते उघडून परत लावता आलं पाहिजे. दोन्हीत पास, तरच झाकण पास.

इथे एक बारीक चूक होते. उचललेला दांडा वरच अडकून राहिला, तर लेकरू आधी उचलतं, मग सावकाश सरकवतं. दोन हालचालींचा काही उपयोग उरत नाही. दांडा सोडला की स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. मी त्याच्या टोकाला जाड सळईचा तुकडा वेल्ड करतो. स्प्रिंग गंजते, वजन गंजलं तरी पडतंच.

कडी उंच लावली की काम झालं, हाही गैरसमज. आडव्या पट्ट्यांचं फाटक म्हणजे लेकराची शिडी. सळ्या उभ्याच ठेवा. विहिरीच्या कुंपणाला मात्र उंची हवीच. अमेरिकेत पोहण्याच्या तलावांच्या कुंपणासाठी जी मार्गदर्शक सूचना आहे, तीत कुंपण किमान ४८ इंच आणि कडी ५४ इंचांवर सांगितली आहे. फाटक पाण्याच्या उलट दिशेनं उघडावं आणि आपोआप लागावं, असंही आहे. आपल्या वावरातल्या विहिरीला हे जसंच्या तसं लागू पडतं. तरी विहिरीवर जाळी टाकाच. आणि फवारणीचं औषध फाटकामागे ठेवून भागत नाही, त्याला कुलूपच पाहिजे.

आपोआप लागणारं फाटक करणं अवघड नाही. वरची बिजागरी खालचीपेक्षा अर्धा इंच कडीच्या खांबाकडे सरकवा, फाटक सोडलं की स्वतः बंद होतं. फक्त ते काटकोनापलीकडे उघडू नये म्हणून एक अडणी लावा. जिन्याच्या वरचं फाटक पायऱ्यांच्या बाजूला उघडू देऊ नका, आणि नुसतं दाबून बसवलेलंही तिथे नको. भिंतीत पक्कं करा.

आपल्याकडे खरी अडचण असते काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि अंगणातल्या फाटकाचा खांब हलतो. चैत्रात खटकन लागणारी कडी श्रावणात खाचेच्या वर येऊन टेकते. मग कोणी ती लावतच नाही. कानशीनं खाच वाढवत बसणं हा तात्पुरता उपाय. दोन्ही खांब जमिनीखाली एकाच लोखंडी चॅनलला वेल्ड करा, म्हणजे हलले तर दोघं मिळून हलतील. खाच मुळातच पाऊण इंच जास्त उभी ठेवा. लाकडी फाटक असेल तर ते पावसात फुगतं. कडीच्या बाजूला बोटभर फट सोडा, पण लेकराचं बोट चिरडेल अशी नको, तिथे रबराची पट्टी लावा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हातल्या लोखंडी दांड्याला हात लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवा. दर दिवाळीला तो बदला, कारण उन्हानं रबर तडकतं.